सॅव्हाना मॉनिटरच्या सदोष एन्क्लोजरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ऑर्डर देऊन बनवून घेतलेले एन्क्लोजर सदोष निघाल्याबद्दल, पैसे परत मिळण्याबद्दल आणि तुमच्या कॅटलॉगमधील धोकादायक माहिती काढून टाकण्याबद्दल

महोदय,

तुमच्या कारखान्यातून मी उन्हाळ्यात आमच्या सॅव्हाना मॉनिटरसाठी, म्हणजे घरी पाळलेल्या आफ्रिकन घोरपडीसाठी, आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच असे एन्क्लोजर (राहण्याचे बंदिस्त खोके) बनवून घेतले. किंमत ८५,००० रुपये, वाहतूक वेगळी. पावसाळा सरायच्या आत त्याच्या बाजू फुगल्या, सांधे उघडले, माती घरभर आली आणि आमची मादी आजारी पडली. फोनवर तुमच्या माणसांनी दर वेळी ‘कळवतो’ एवढेच उत्तर दिले. म्हणून हे लेखी.

प्राण्याच्या कागदपत्रांची शंका नको म्हणून आधीच सांगते. विदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या २०२०च्या स्वेच्छा घोषणा योजनेत तिची नोंद केलेली आहे आणि २०२४च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवरही रीतसर नोंदणी झाली आहे.

ऑर्डर देताना मी तुम्हाला दोन पाने लिहून पाठवली होती. त्यातली सगळ्यात महत्त्वाची अट मातीची होती : तळाला दोन फूट खोल ओलसर माती-वाळू मावली पाहिजे आणि तिचा भार पुढच्या फळीने पेलला पाहिजे. तुमच्या विक्री प्रतिनिधींनी ‘होऊन जाईल मॅडम’ असे लिहून दिले आहे. तो संदेश सोबत जोडला आहे. प्रत्यक्षात आले ते काय? काचेच्या सरकत्या दारांची पट्टी तळापासून नऊ इंचांवर. म्हणजे माती नऊ इंचांच्या वर गेली की थेट दाराच्या खाचेत. मी तक्रार केल्यावर तुम्ही सुतार पाठवला. त्याने आतून एक पातळ फळी स्क्रूने ठोकली आणि ‘आता दोन फूट भरा’ म्हणून निघून गेला. भरली. महिन्याभरात फळीने पोट काढले.

आठ गुणिले चार गुणिले दोन म्हणजे ६४ घनफूट माती, साधारण १.८ घनमीटर. ओलसर मातीचे वजन घनमीटरला दीड टनाच्या आसपास धरले तरी अडीच टनांच्या वर जाते. एवढी माती बाजूंनाही रेटत असते. मातीचे एन्क्लोजर बनवणाऱ्याला हा हिशेब यायलाच हवा. शिवाय माल उतरवायला आलेला तुमचा माणूस ‘वरच्या खोलीत ठेवा, उजेड छान येतो’ असे सुचवत होता. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलो वापराच्या भाराला धरून बांधतात. ही माती चौरस मीटरला नऊशे किलोच्या घरात जाते. आम्ही ते तळमजल्यावरच ठेवले म्हणून निभावले. दुसऱ्या एखाद्या ग्राहकाने तुमच्या माणसाचे ऐकले तर काय होईल याचा कृपया विचार करा.

दुसरा मुद्दा मालाचा. बिलावर ‘७१० मरीन प्लाय’, म्हणजे ओलीत टिकणारे प्लायवूड, असे स्वच्छ लिहिले आहे. फुगलेला कोपरा आमच्या ओळखीच्या सुताराने उघडून पाहिला तेव्हा आत सनमायका चिकटवलेला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, निघाला. फोटो जोडले आहेत, तुकडाही जपून ठेवला आहे. एमडीएफला ओल चालत नाही हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, आणि हे खोके तर कायम ओल धरून ठेवण्यासाठीच मागवलेले होते. आतून पाणी न झिरपू देणारा एपॉक्सीचा थर देणार होतात, तोही फक्त तळाला आहे, बाजूंना नाही. बुरशीचा वास अजून खोलीतून जात नाही.

मातीवर मी इतका जोर का देते, हे तुमच्या कारखान्यातल्या प्रत्येकाला समजले पाहिजे असे मला मनापासून वाटते. सॅव्हाना मॉनिटर हा पश्चिम आफ्रिकेपासून पूर्वेकडे पसरलेल्या गवताळ प्रदेशातला प्राणी. तिथली हवा कोरडी, म्हणून त्याला कोरडा पिंजरा चालतो असा समज सगळीकडे पसरला आहे आणि त्यातूनच हे प्राणी मरतात. कारण तो हवेत राहत नाही, बिळात राहतो. बाहेर सगळे करपून गेले असले तरी जमिनीखाली बिळातली हवा दमट असते. घानामध्ये मॉनिटरचे अभ्यासक डॅनियल बेनेट यांनी या जातीचा रानात अभ्यास केला, त्यातही बिळे आणि त्यांच्याभोवती मिळणारे किडे हेच त्यांच्या जगण्याच्या केंद्राशी दिसतात. माती खोल नसेल तर बीळ नाही, बीळ नसेल तर ओल नाही, आणि मग प्राणी आतून हळूहळू सुकत जातो. मादीचा प्रश्न तर आणखी नाजूक. नर नसतानाही तिच्या पोटात अंडी तयार होऊ शकतात. ती घालायला योग्य खोलीची, योग्य उबेची जागा मिळाली नाही तर अंडी अडकतात आणि जीव जातो. त्या दोन फुटांवर ती जगणार की नाही हे ठरते, म्हणून मी ती अट सगळ्यात वर लिहिली होती.

तिसरा दोष छताचा. मी बंद छत आणि बाजूला झरोक्यांच्या दोन छोट्या पट्ट्या मागितल्या होत्या. तुम्ही अर्धे छत जाळीचे दिलेत, ‘हवा खेळती राहील’ म्हणून. दिव्याची सगळी ऊब आणि मातीतली ओल त्या जाळीतून वर निघून जाते. सकाळी माती भिजवावी आणि दिवस मावळायच्या आत वरचा थर भुगा व्हावा, असे चालले होते. मी जाळीवर पत्रा टाकून पाहिला, पण मग जाळीवर बसवलेली यूव्हीबी नळी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा) काढावी लागली, कारण नळीची जागाही तुम्ही जाळीच्या बाहेर ठेवली आहे. जाळी बरेचसे यूव्हीबी अडवते आणि काचेतून तर ते जवळजवळ येतच नाही. म्हणून ‘खिडकीपाशी ठेवा, नाशिकला ऊन काय कमी आहे’ हा तुमच्या प्रतिनिधीचा सल्ला दोन्ही बाजूंनी चूक. काचेमागच्या उन्हातून प्राण्याला हवे ते मिळत नाही आणि खोके मात्र भट्टीसारखे तापते.

या प्राण्याला ऊन शेकायला एक छोटी, फार तापलेली जागा लागते. तिथल्या पृष्ठभागाचे तापमान ५५ ते ६० अंश सेल्सियस हवे, आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला, मातीत, पंचवीस-सत्तावीसपर्यंत उतरता आले पाहिजे. तुम्ही दिलेल्या दिव्याखाली इन्फ्रारेड थर्मामीटरने ३८ मोजले. त्यावर तुमच्याकडून ‘हीट रॉक’, म्हणजे विजेवर तापणारा कृत्रिम दगड, पाठवण्यात आला. तो मी वेष्टनातून बाहेरही काढला नाही. पोटाखालून भाजून जखमा करणारी वस्तू आहे ती. दिव्याचा होल्डर प्लॅस्टिकचा निघाला आणि जास्त वॅटचा हॅलोजन लावताच वितळायला लागला. एमडीएफच्या खोक्यात, रिकाम्या घरात, हे झाले असते तर? तिथे सिरॅमिक होल्डर आणि दिव्याभोवती जाळीचे कडे या दोन वस्तूंना किती पैसे पडले असते?

मादीच्या बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला कात अडकून राहिली. पुण्यातल्या विदेशी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा शरीरातले पाणी कमी झालेले आणि यूरिक अॅसिड वाढलेले आढळले. उपचार चालू आहेत, सुदैवाने खाते आहे. अहवाल आणि बिले जोडली आहेत. सध्या तिला आम्ही बांधकामाच्या विटांचा हौद करून त्यात ठेवले आहे. दिव्याखाली फळ्यांमध्ये फटी सोडून त्या एकावर एक रचल्या आहेत, म्हणजे तिला हवी तेवढी ऊब निवडता येते. हे काम गवंड्याने तुमच्या किमतीच्या लहानशा भागात करून दिले.

आता कॅटलॉगबद्दल. त्यात चार फूट लांबीच्या काचेच्या टाकीखाली ‘मॉनिटरसाठी, आयुष्यभर पुरेल’ असे छापले आहे. पूर्ण वाढलेला सॅव्हाना मॉनिटर शेपटीसकट तीन-चार फुटांचा होतो. त्याला त्या टाकीत वळताही येणार नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे शेजारचे छायाचित्र आपल्या रानातल्या घोरपडीचे आहे. भारतीय घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे आणि पाळणे हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. ते चित्र पाहून कोणी शेताच्या बांधावरची घोरपड उचलून घरी आणली, तर त्या माणसाचे आयुष्य जाईल आणि त्या प्राण्याचेही. ते पान आजच काढा. माझ्या पैशांचा निकाल लागायची वाट त्यासाठी पाहू नका.

माझ्या मागण्या अशा आहेत. एन्क्लोजरची पूर्ण किंमत आणि वाहतूक खर्च परत करावा, आणि ते खोके तुमच्या खर्चाने घेऊन जावे. डॉक्टरांचा आजवरचा खर्च द्यावा. याच मालाचे, याच होल्डरचे खोके आणखी ज्यांना विकले असेल त्यांना आगीचा आणि वजनाचा धोका लेखी कळवावा. ही मागणी मी माझ्या पैशांइतकीच महत्त्वाची मानते. आणि यापुढे मॉनिटरचे एन्क्लोजर विकण्याआधी मातीची खोली, मजला आणि दिव्यांची जागा हे ग्राहकाला विचारून लिहून घ्यावे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष माल आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणार आहे. फुगलेली फळी, वितळलेला होल्डर आणि तुमचे सगळे संदेश तोपर्यंत माझ्याकडे सुरक्षित आहेत. तुमच्या माणसाला येऊन पाहायचे असेल तर कोणत्याही रविवारी यावे. मात्र येताना मापाची पट्टी आणि मूळ बिलाची तुमच्याकडची प्रत घेऊन यावे.

आपली,
तक्रारदार ग्राहक
नाशिक