‘नेट गेलं’ म्हणजे नक्की काय गेलं?

ती. आई आणि बाबा,

सा. न.

‘नेट गेलं’ एवढंच सांगितलं की तक्रार घेणाऱ्याला काही कळत नाही. तो नुसता नंबर देतो आणि तुम्ही माणसाची वाट बघत बसता. त्याऐवजी ‘इंटरनेटच्या डब्यावरचा एलओएसचा लाल दिवा लुकलुकतोय’ एवढं सांगा. ते वाक्य थेट तारा जोडणाऱ्या माणसापर्यंत जातं. म्हणून नेहमीचे शब्द नीट लिहून पाठवते आहे. हा कागद डब्याजवळच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

टीव्हीशेजारच्या पांढऱ्या डब्याला सगळे राउटर म्हणतात, पण त्याच्या पोटात दोन यंत्रं आहेत. एक ओएनटी. काचेच्या तारेतून आलेल्या प्रकाशाचे ते विजेचे संकेत करतं. दुसरा राउटर. तो हे संकेत घरातल्या मोबाईल-टीव्हीला वाटतो, कुणाला वायरने, कुणाला हवेतून. हवेतली ही वाटणी म्हणजे वायफाय. म्हणजे वायफाय घरातलं आणि इंटरनेट बाहेरून येणारं. वरची टाकी रिकामी असली तरी नळ जागेवर असतोच. तसंच बाहेरून इंटरनेट बंद पडलं तरी मोबाईलवर वायफायचं पंख्यासारखं चिन्ह दिसत राहतं, फक्त त्याच्याशेजारी बहुतेक फोनवर छोटं उद्गारचिन्ह येतं. आणि चढत्या दांड्या दिसतात ती सिमकार्डची, टॉवरची रेंज. तिचा या डब्याशी काही संबंध नाही.

आता दिवे. नावं कंपनीप्रमाणे थोडी बदलतात, पण क्रम हाच ठेवून बघा. पॉवरचा दिवा बंद असेल तर आधी भिंतीवरचं बटण, मग अ‍ॅडॅप्टर. पीओएनचा हिरवा दिवा स्थिर असला म्हणजे प्रकाश येतोय आणि पलीकडच्या यंत्राने आपला डबा ओळखलाय. तो लुकलुकत राहिला तर ओळख पटायची अजून बाकी आहे. पीओएन स्थिर, पण इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल, तर तार ठीक आहे आणि अडचण बहुधा कंपनीकडच्या लॉगिनमध्ये आहे. बिल भरायचं राहिलं तरी असंच होतं. एलओएस लाल, म्हणजे प्रकाशच पोचत नाही. तार कुठेतरी तुटली, वाकली किंवा निसटली. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही.

बाबा, ही तार तुम्ही एकदा नीट बघून घ्या. बाहेरचं आवरण जाड दिसतं, पण आतली काच 125 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), साधारण केसाएवढी, आणि प्रकाश जातो तो तिच्या मधल्या 9 मायक्रॉनमधून. तार खिळ्याला गुंडाळली, कपाटामागे दाबली गेली, की वळणावर प्रकाश काचेतून बाहेर निसटतो. जादा तारेचं वेटोळं चहाच्या बशीपेक्षा लहान करू नका. टोकाला हिरवा प्लग आहे, त्याच्या आतलं टोक 8 अंशांनी तिरकं घासलेलं असतं, म्हणून त्यात निळा प्लग चालत नाही. तो उगाच काढू नका, त्यावर बसलेला धुळीचा कणसुद्धा प्रकाश अडवतो. आणि काढलेल्या टोकात डोळा घालून कधीच बघू नका. आतला प्रकाश लेझरचा आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

दुरुस्तीला माणूस आला की त्याला प्रकाश मोजायचा मीटर लावायला सांगा. आकडा उणे असतो. उणे 20 च्या आसपास छान. उणे 27 च्याही खाली गेला तर नेट येत-जात राहणार. मीटरवरचा आकडा दर 3 ने, म्हणजे 3 डीबीने, घटला की प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे 20 आणि उणे 26 मध्ये चौपट फरक आहे. तो आकडा तारखेसह याच कागदामागे लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करता येईल.

आई, तुझ्या मोबाईलवर घरच्या वायफायची दोन नावं दिसतात. ज्याच्या शेवटी ‘5जी’ आहे ते मोबाईल कंपन्यांचं 5जी नव्हे. इथे त्याचा अर्थ 5 गिगाहर्ट्झ. ते वेगवान, पण भिंत ओलांडताना दमतं. दुसरं 2.4 गिगाहर्ट्झचं, वेगाने कमी पण स्वयंपाकघरापर्यंत पोचणारं. ओट्याजवळ तेच लाव. फक्त मायक्रोवेव्हही जवळजवळ त्याच लहरींवर चालतो, म्हणून तो सुरू असताना व्हिडिओ कॉल अडखळला तर घाबरू नकोस. डबा लोखंडी कपाटाआड किंवा आरशामागे नको, छातीएवढ्या उंचीवर मोकळा हवा.

वेगाचा घोळही सांगते. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट. फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, आणि 8 बिटांचा 1 बाइट. म्हणून सेकंदाला फार तर 12.5 मेगाबाइट उतरतात. 1 जीबीचा लग्नाचा व्हिडिओ यायला निदान 80 सेकंद. कंपनीने फसवलेलं नाही.

अ‍ॅडॅप्टरच्या बाबतीत मात्र हयगय नको. त्यावर ‘आउटपुट’पुढे बहुधा 12 व्होल्ट आणि 1 किंवा 1.5 अँपिअर लिहिलेलं असतं. दुसरा लावायचा तर व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनेचं अधिक-उणे तेच हवं. सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर पिनेत बसतो म्हणून लावू नका, आधी आकडे वाचा. दोन्हींवर मार्करने नावं लिहून टाका.

जुना लँडलाइन वीज गेली तरी वाजायचा, कारण एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे 48 व्होल्ट तांब्याच्या तारेतून घरापर्यंत यायचे. काचेतून वीज येत नाही. आता लँडलाइन या डब्यालाच जोडलेला आहे. डबा बंद तर फोनही मुका. तुम्हा दोघांसाठी मला हीच काळजी मोठी वाटते. डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. त्यावरचा 8800 एमएएच हा आकडा सेलच्या 3.7 व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणजे साधारण 32 वॉट-तास. थोडी वीज वाटेत वाया जाते, म्हणून डबा 10 वॉट खात असेल तर अडीच तास धरा, आणि बॅटरी जुनी होईल तसे कमी.

बंद-चालू करायचं तर बटण बंद करून 30 आकडे मोजा, चालू करा आणि 4 मिनिटं हात लावू नका. मागच्या बारीक भोकात टाचणी घालायची नाही. ते रीसेट आहे, त्याने लॉगिन पुसलं जातं.

फोनवर कुणाला ओटीपी सांगायचा नाही, मोबाईलची स्क्रीन दाखवायची नाही. कुणी मागितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

रविवारी फोन करेन तेव्हा बाबा, अ‍ॅडॅप्टरवरचे आकडे आणि पेटलेल्या दिव्यांची नावं वाचून दाखवा, मी इकडे लिहून घेते.

तुमची,
लेक