गौरी गेल्यावर

श्रीवर्धन

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

एसटी वळणाआड गेली तरी तुझे बाबा फाट्यावरच उभे होते. मखर अजून काढलेलं नाही, हात होत नाही. तू पोचल्याचा निरोप मिळाला. जेवलास का, झोप लागली का, हे त्यात नव्हतं.

झोपेचं विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते. पण गौरी जेवल्या त्या रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठले, तर तू पडवीत झोपाळ्यावर, तोंडावर मोबाइलचा उजेड. साहेबांनी दिलेला वर्षाचा शेरा वाचत होतास. मलाही दाखवलास. सात ओळी कौतुकाच्या आणि आठवी, काम अडलं तर वेळेवर कळवत नाही अशी. "आई, माझं काहीच धड होत नाही," म्हणालास. त्या सात ओळी कुठे गेल्या रे?

मावशीच्या धाकटीला फोन केला, ती मानसशास्त्रच शिकवते. ती म्हणाली, मन घडलंच आहे तसं, वाईट आधी टिपणारं. मला ते आपल्या वाडीवरून कळलं. वाळक्या झापाला विषारी फुरसं समजून उडी मारली तर काही बिघडत नाही. फुरशाला झाप समजलं तर माणूस जातो. जे दचकले ते वाचले, आपण त्यांचीच पोरं. कानेमान आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं, की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख मोठं असतं. १९९२ मध्ये त्यांनी मापही काढलं, साधारण सव्वादोन पट. म्हणजे तुझ्यात खोट नाही, बाळा. हे मला तुला त्या रात्रीच सांगता यायला हवं होतं.

बाबांचं तू पाहिलं नाहीस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू तिकडे अडकलेला, आपले फोन आठ दिवस बंद. वारा पडल्यावर आम्ही मागचं दार उघडलं तर वाडीच्या जागी नुसतं आभाळ. पोफळी एकमेकींवर आडव्या, विहिरीचा रहाट त्यांच्याखाली. बाबा रोज सकाळी जाऊन पडलेल्या मोजायचे. आकडा तोच यायचा, तरी मोजायचे. जेवणावरून उठून जायचे. एक दिवस मी चुन्याची बादली घेतली आणि उभ्या राहिलेल्या प्रत्येक पोफळीला बोट लावत गेले. एकोणसाठ भरल्या. ते लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोयती उचलली. दुःख गेलं नाही, नाना गेल्यासारखंच ते राहिलं. पण पुढच्या पावसात रोपं लागली, आणि त्यांतल्या दोघींना यंदा पहिली पोय आली. तुला दाखवायची राहिली.

आता जे लिहायला बसले ते. माळ्यावरचा डबा काढताना तुझी चौथीची वही सापडली. निबंध 'पाऊस'. तू लिहिलंयस, "रात्री समुद्राचा आवाज आमच्या विहीरीत पण येतो." मी लाल पेनाने 'विहीरीत' भोवती गोल केलाय, समासात 'हि ऱ्हस्व' लिहिलंय. बाकी काही नाही. नऊ वर्षांच्या पोराला असं सुचलं आणि मी वेलांटी बघितली. काल तिन्हीसांजेला मी विहिरीवर जाऊन उभी राहिले. येतो रे आवाज. इतकी वर्षं पाणी काढलं, मला ऐकू आला नव्हता. आठवी ओळ आधी वाचायला तुला मीच शिकवलं असेन, तर मला माफ कर.

ती आठवी ओळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. कळवायचा कंटाळा तुला पहिल्यापासून. दर शुक्रवारी साहेबांना चार ओळी लिहून पाठव, काय झालं, काय अडलं. तेवढं केलंस की त्या ओळीचं काम संपलं, मग ती रात्री उघडायची नाही. आणि झोपायच्या आधी दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी वहीत लिही, प्रत्येक का घडली तेही. सेलिगमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या मंडळींनी २००५ मध्ये हे करून पाहिलं. आठवडाभर लिहिणाऱ्यांना सहा महिन्यांनीही बरं वाटत होतं. कारण लिहायला विसरू नकोस, धाकटी म्हणाली त्यातच सगळं आहे. मोबाइल उशाशी नको. चहा सहानंतर नको.

बघ, पुन्हा शाळा सुरू केली. रागावू नकोस. तू घर सोडून एकट्याने तिथे उभा राहिलास याचं मला केवढं वाटतं, ते फाट्यावर सांगायचं होतं, तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली.

वहीने नाही भागलं, अजून दोन आठवडे रात्री अशाच गेल्या, तर डॉक्टरांकडे जा. बाबांना काय सांगायचं ते मी बघते.

या पत्राबरोबरच्या पिशवीत तळाशी असोल्या नारळांखाली वही ठेवली आहे, तुझी चौथीचीच. मागची पानं कोरी आहेत. निबंधाखाली मी काल निळ्या पेनाने लिहिलंय, ते वाच.

झोप लागते का, ते खरं कळव.

तुझी
आई