प्रत्येक डायव्हरकडे स्वतःचा बोया हवाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं-पोरी स्कूबा शिकायला लागल्यात, चोर्ला घाटातनं गोव्याला नाहीतर आंबोलीवरनं मालवणला जातात आणि डायव्हिंगचं कार्ड हातात पडलं की मुर्डेश्वर गाठून नेत्राणी बेट. बघून खरंच बरं वाटतं. पण बोटीवर बघावं तर प्रत्येकाकडे पाण्यातला कॅमेरा, भारीतला मास्क, आणि एसएमबी, म्हणजे खालनं वर सोडायचा तो लांब नारिंगी बोया, फक्त गाईडकडे. गाईडपासून चुकामूक झाली तर काय करायचं ते कुणी बोलतच नाही.

नेत्राणी किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटर आत आहे. करंटनं जरा बाजूला गेलात आणि वर आलात, वारा सुटलेला असला, की लाटांमधे माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, बोटवाला कुठं कुठं बघणार? आणि दुसरीच बोट अंगावर यायची भीती वेगळी. ५ मीटरवर ३ मिनिटं सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर यायच्या आधी थांबायचं ते, करतानाच बोया वर उभा असला तर बोट आधीच जवळ येऊन थांबते.

पण नुसता विकत घेऊन खिशात ठेवून चालत नाही, सोडायला हात बसावा लागतो. आधी एका जागी स्थिर तरंगायचं, वर बघायचं, बोयाची दोरी अंगात, होजमधे म्हणजे हवेच्या नळीत कुठं अडकली नाही ना ते बघायचं, मग ऑक्टोपसनं, म्हणजे श्वास घ्यायच्या जादा तोंडपट्टीनं, बोयात थोडीच हवा भरायची. १० मीटरवर अर्धा भरला तरी वर जाईपर्यंत पूर्ण फुगतो, २० मीटरवर तर एक तृतीयांश पुरे, कारण वर जाईल तसा दाब कमी होतो. स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेलं रीळ, बोटावर सैल फिरू द्यायचा आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोडताना स्पूल किंवा रील बीसीडीला, म्हणजे अंगातल्या हवा भरायच्या जाकिटाला, हुक करायचं नाही म्हणजे नाही. एक लिटर हवा जवळजवळ एक किलो ओढते, दोरी जाम झाली तर बोया तुम्हालाच घेऊन वर सुटतो, त्यात घाबरून श्वास रोखला की फुप्फुसाला इजा होते. अडकली तर सरळ हातातलं सोडून द्या, स्पूल गेला तर जाऊ दे. बोया वर पोचल्यावर दोरी ताणून धरायची, नाहीतर बोया पाण्यावर आडवा पडतो आणि लांबनं दिसत नाही.

पावसाळ्यात डायव्हिंग बंदच असतं, तेवढ्या महिन्यांत आपल्याकडच्या स्विमिंग पूलवाल्यांनी खोल बाजू आठवड्यातनं एक तास जरी दिली तर शिकलेली मंडळी नव्यांना हे करून दाखवतील, मी स्वतः यायला तयार आहे. आणि ट्रिप नेणाऱ्यांनी बोटीत चढतानाच विचारावं, बोया आहे का, सोडता येतो का. येत नसेल तर त्याला गाईडच्या हाताच्या अंतरावर ठेवा.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव