बंदी आडोशावर घाला, कॉफीवर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'शहरातले सगळे कॅफे बंद करा' अशी मागणी करणारी पत्रं आपल्या अंकात वाचली. मी सांगलीच्या विश्रामबागेत एका कॅफेत बरिस्ता आहे, म्हणजे मशीनवर कॉफी काढण्याचं काम करते. पत्र लिहिणाऱ्यांचा संताप खरा आहे. प्लायवूडचे कप्पे करायचे, पुढं पडदा सोडायचा आणि तासाच्या हिशोबानं जागा द्यायची, हा धंदा आपल्या भागात बोकाळला. अशा ठिकाणी अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याच्या फिर्यादी पोलिसांत दाखल झाल्या. त्या जागांना कुलूप लागलं तर मला आनंदच होईल. पण त्यानंतर जमावानं कॅफे फोडले आणि आता सरसकट बंदीची भाषा चालली आहे, त्याला माझा ठाम विरोध आहे.

त्या कप्प्यांत कॉफी नुसती नावाला असते. गरम दुधात पुडीतली पावडर ढवळली की झालं. आमच्याकडे सकाळी शटर वर गेल्यावर पहिलं काम ग्राइंडर लावण्याचं, म्हणजे बिया किती बारीक दळायच्या ते ठरवण्याचं. 18 ग्रॅम भुकटी, 9 बारचा दाब, 90 ते 96 अंशांचं पाणी, आणि 25 ते 30 सेकंदांत कपात साधारण 36 ग्रॅम एस्प्रेसो, म्हणजे दाबानं काढलेली घट्ट काळी कॉफी, उतरला पाहिजे. दळण जाड असलं तर पाणी पळतं आणि चव आंबट, पाणचट लागते. बारीक असलं तर धार अडखळते आणि घशात कडवटपणा राहतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की कालचं माप आज चालत नाही, मग एस्प्रेसोचे पहिले दोन-तीन कप चाखून ओतून द्यावे लागतात. मार्केट यार्डात हळकुंड मोडून, आतला रंग बघून भाव सांगणारी माणसं या गावात आहेत. असल्या नजरेला काय किंमत असते, हे सांगलीला नव्यानं सांगायला नको.

दुधाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्या घरी गोठा आहे. संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (फॅट सोडून दुधात उरणाऱ्या घन पदार्थांवर) ठरतो, हे जिल्ह्यातल्या पोराटोरांना पाठ असतं. कॅपुचिनोचा फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं, आणि ती या एसएनएफमध्येच मोजली जातात. फॅटमुळे तोंडात भरलेपणा येतो. दुधात पाणी असलं तर वाफेची नळी आत घातल्यावर मोठाले बुडबुडे येतात आणि मोडून जातात. म्हशीच्या दुधाची कॉफी जड होते, काहींना तीच आवडते. दूध 60 ते 65 अंशांवर थांबवलं की साखर न घालताही गोडी लागते, 70 च्या वर गेलं की ती गोडी जाते आणि उतू गेल्यासारखा वास येतो. आपल्या माणसाला मात्र चहा उकळता लागतो. 'बाई, ही कोमट दिली की' असं काका लोक म्हणतात. मी त्यांना एक घोट आधी घेऊन बघायला सांगते. तरीही नको वाटली तर जास्त गरम करून देते. पैसे त्यांचे, जीभ त्यांची.

हे चांगलं दूध ज्याच्या गोठ्यातून येतं त्याला काय मिळतं? 2024 मध्ये भाव इतके पडले की सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. शेतकरी रस्त्यावर दूध ओततात तेव्हा शहरातल्या लोकांना नासाडी दिसते. पेंड आणि चाऱ्याचा खर्च निघत नाही, ही गोष्ट त्याआधीची आहे. कॉफीच्या टेबलावर राजकारण नको म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की कपातल्या दुधात ते आधीच आहे. बियांचंही तसंच. भारतातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी शेजारच्या कर्नाटकात पिकते. सूफी संत बाबाबुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं परंपरा सांगते. आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावरचं हे पीक, पण त्याचा भाव बाहेर ठरतो. ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका जातीची कॉफी पौंडाला 4 डॉलरच्या वर गेली, तशी आमच्याही पोत्याची किंमत वाढली.

म्हणून 'दहा रुपयांचा चहा सोडून शंभर रुपयांची कॉफी कशाला' या प्रश्नाला मला सरळ उत्तर द्यावंसं वाटतं. चांगल्या भाजलेल्या बियांचा भाव किलोला हजाराच्या पुढं आहे. मशीनला काही लाख लागतात. भाडं, वीजबिल, पगार वेगळे. आणि त्या शंभरात तुम्हाला दोन तास पंख्याखाली खुर्ची मिळते, कुणी 'उठा, दुसऱ्यांना बसू द्या' म्हणत नाही. एमपीएससी करणारी मुलं एका कपावर संपूर्ण दुपार काढतात. काढू देत. घरी दोन खोल्यांत सहा माणसं असतील तर त्यांनी वाचायचं कुठं?

महाग म्हणजे चांगलं असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या घरोघरी जायफळ, वेलदोडा घालून कॉफी होते. पाहुणे आले की वाटीत पावडर आणि साखर घेऊन, थेंब-थेंब पाणी घालत चमच्यानं पांढरी होईपर्यंत फेटतात. ही आपली कॉफी आहे आणि ती मला मनापासून आवडते. उडुपी हॉटेलातली पितळी पेल्यातली फिल्टर कॉफीही आवडते. तिच्यात चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड) असते, नियमानं 49 टक्क्यांपर्यंत चालते आणि पुड्यावर प्रमाण लिहावं लागतं, एवढं बघून घ्यावं. मेनूकार्डावरचे इटालियन शब्द येत नाहीत म्हणून एखाद्या मावशीला दारातनं परत जावंसं वाटणं मला चालत नाही. मेनूत सगळ्यात स्वस्त असतो म्हणून पुष्कळ जण एस्प्रेसो मागवतात. 'छोटा कप येईल, बिनदुधाचा आणि कडू असेल,' हे मी ऑर्डर घेतानाच सांगते. त्यात त्यांचा अपमान नाही. न सांगता कप पुढं ठेवून त्यांचं तोंड वाकडं झालेलं बघत उभं राहणं, हा अपमान. आमचीही एक अपेक्षा आहे. चुटकी वाजवून 'ए पोरी' अशी हाक मारू नका. 'ताई' म्हणा, 'मॅडम' म्हणा, नाहीतर नुसता हात वर करा.

आता गप्पांविषयी. आपल्याकडे सलूनपासून हॉटेलापर्यंत 'येथे राजकीय चर्चा करू नये' अशी पाटी असते. भांडणं नकोत म्हणून मालक ती लावतात, त्यांची अडचण कळते. आमच्याकडे ती नाही आणि लागू नये असंच मला वाटतं. निवडणुकीच्या दिवसांत शेजारशेजारच्या टेबलांवर दोन पक्षांची माणसं बसतात, आवाज चढतो, कधी मध्ये जाऊन शांत करावं लागतं. पण ती समोरासमोर बसून बोलतात. मोबाइलवर एकमेकांबद्दल जे लिहितात, ते तोंडावर बोलायला जड जातं. सत्तेला अशा जागांची धास्ती जुनीच आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजानं डिसेंबर 1675 मध्ये कॉफीहाउस बंद करण्याचा जाहीरनामा काढला, कारण तिथं लोक सरकारविरुद्ध बोलतात म्हणून. इतका ओरडा झाला की अंमल सुरू होण्याआधीच तो मागं घ्यावा लागला. आपल्या देशातही सरकारी कॉफी बोर्डानं आपले कॉफीहाउस बंद करायला घेतले तेव्हा 1957 च्या सुमारास कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि इंडियन कॉफी हाउस स्वतः चालवले. सहकारावर उभ्या असलेल्या आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि मुलामुलींविषयी, कारण सगळा रोख तिकडं आहे. दोन सज्ञान माणसं उजेडात, चार लोकांसमोर टेबलावर बसून कॉफी पीत असतील तर त्यात गुन्हा कोणता? उलट तिथं मुलगी सुरक्षित असते. समोरच्याचा सूर बदलला तर ती उठून काउंटरपाशी येऊ शकते, आणि मुली तशा आलेल्या आहेत. आम्ही पाणी दिलं, घरी फोन लावून दिला, रिक्षा येईपर्यंत सोबत थांबलो. ही उघडी जागा बंद केली म्हणून भेटणं थांबणार नाही. ते माळावरच्या पडक्या खोलीत जाईल, नाहीतर त्याच पडद्यामागं जाईल. दगड मारणाऱ्यांनी हा विचार केलेला नाही. फुटलेल्या काचा गोळा करणारेही याच गावचे कामगार असतात, आणि त्यांच्यात मुली पुष्कळ आहेत. 'पोरगी कॅफेत कामाला जाती म्हणं' असं नातेवाईक माझ्या आईला खालच्या आवाजात विचारतात. तिनं त्यांना घरी बोलावून माझ्या हातची कॉफी पाजली, पण प्रत्येक मुलीच्या आईला ते जमेलच असं नाही.

तेव्हा महापालिका, पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन यांनी नियम करावा, तो सगळ्यांना सारखा लावावा. बसण्याच्या जागेत माणसाच्या खांद्याच्या वर जाणारा आडोसा नको. पडदा नको, आतून कडी लागणारी खोली नको. दर्शनी काच रंगवलेली किंवा काळी फिल्म लावलेली नको. जागा तासावर भाड्यानं दिली तर परवाना रद्द. शाळेच्या गणवेशातली मुलं शाळेच्या वेळेत आली तर काय करायचं, हेही लिहून द्यावं, आम्ही पाळू. तपासणी जाहीरपणे, दिवसाढवळ्या व्हावी आणि ती सरकारी माणसानं करावी, काठ्या घेऊन आलेल्या टोळक्यानं नव्हे. आमच्या कॅफेपासून सुरुवात केली तरी चालेल.

आपली,
एक बरिस्ता
विश्रामबाग, सांगली