आबा सापडले : मोडी वाचणाऱ्या गुरुजींना पत्र

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही छापायचे नाही असे आपण आम्हाला निरोप देताना बजावले होते, म्हणून या पत्रात ते नाही. पत्र मात्र चारचौघांसमोर लिहितो आहे, कारण आमच्या आत्यावर आम्ही चारचौघांसमोरच हसलो होतो. ती आज शहाऐंशी वर्षांची आहे. आपला बापूस चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात होता, त्याला हातात कोयता असताना धरला आणि गणपतीच्या देवळात कोंडला, असे ती लग्नाकार्यात जमलेल्या पोराबाळांना सांगू लागली की आम्ही शिकलेली मंडळी एकमेकांकडे बघत असू. तिच्याजवळ कागद नव्हता, आणि कागद नसलेल्या म्हातारीला खोटे ठरवायला फारसे शिक्षण लागत नाही.

आपल्याला चिरनेर समजावून सांगणे म्हणजे सूर्याला पणती दाखवणे आहे, परंतु उरणच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडे लिहितो. 1930 च्या उन्हाळ्यात देशभर मिठाचा कायदा मोडला गेला. पावसाळा लागल्यावर मीठ पिकवणे शक्य नव्हते, तेव्हा महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगलाचा कायदा मोडायचे ठरले. हा कायदा आमच्या लोकांना पुस्तकातून कळलेला नव्हता. गुरे कुठे चारायची, चुलीसाठी फाटा कुठून आणायचा, घराला वासा कुठला घालायचा या प्रत्येक गोष्टीत रखवालदार आडवा येत होता, आणि खैराच्या झाडापासून कात काढणारा म्हणून ज्याचे नावच कातकरी पडले, त्याला खैर तोडल्याबद्दल गुन्हेगार ठरवले जात होते. 25 सप्टेंबर 1930 रोजी तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे, अक्कादेवीच्या डोंगरावर, आजूबाजूच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी कोयते घेऊन चढले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही मारले गेले आणि त्याच दिवशी मामलेदार जोशी यांचाही जीव गेला. गणपतीच्या देवळात खिडकीच्या गजावर गोळीची खूण आजही दाखवतात. लहानपणी मी तिच्यावर बोट फिरवून पाहिले आहे, आणि हातातला पेढा संपवून बाहेर पडलो आहे.

त्या आठांची नावे आमच्या तालुक्यातल्या शाळकरी मुलांना हुतात्मादिनापुरती पाठ असतात. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, आनंदा माया पाटील, परशुराम रामा पाटील, हसुराम बुधाजी घरत, आलू बेमट्या म्हात्रे. ही यादी मोठ्याने वाचली की तीत एक गोष्ट कानाला लागते, आणि ती मला आपल्याकडे येईपर्यंत कधी लागली नव्हती. नवश्या, गवत्या, बेमट्या. गरिबाच्या नावाला हा ‘या’ कोणी चिकटवला, आईने लाडाने, गावाने सवयीने की कारकुनाने तुच्छतेने, हे आता सांगता येणार नाही. पण सावकाराच्या वहीत आणि सरकारच्या दप्तरात आमची माणसे बहुधा याच रूपात गेली, आणि त्यांना शोधायला निघालेला नातू शाळेच्या दाखल्यावरचे शुद्ध नाव घेऊन हिंडत राहिला.

मी तसाच हिंडलो. एका कार्यालयात मला पहिलाच प्रश्न आला तो, पेन्शनसाठी आलात का, असा. आजोबांनी कधी अर्जच केला नव्हता. 1972 साली केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली तेव्हा निदान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची अट होती, आणि आत्याच्या सांगण्याप्रमाणे आजोबा त्याहून कमी काळ आत होते. देशासाठी किती दिवस बसलो ते मोजून कशाला सांगायचे, असे म्हणून त्यांनी विषय संपवला होता. हे मी त्या टेबलासमोर उभा राहून सांगितले, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी, मग आता नाव काढून काय करणार, असे विचारले आणि चहा प्यायला उठले. एका पुढाऱ्याने हुतात्मादिनाच्या व्यासपीठावरून, अज्ञात सत्याग्रहींची यादी मी स्वतः करून घेईन, अशी घोषणा केली होती. पुढच्या वर्षी त्यांनी तीच घोषणा पुन्हा केली, आणि ती करताना आठांतल्या दोघांची नावे चुकवली. पानामागे पैसे घेऊन मोडी वाचून देणाऱ्या एका जाणकारांनी माझ्याकडच्या, सरकारी दप्तरातल्या मोडी कागदांच्या झेरॉक्स प्रती दोन दिवसांत परत केल्या आणि या नावाचा इसम यात नाही, असे कळवले. मी ते आत्याला सांगितले. ती काही बोलली नाही, परंतु त्या दिवसापासून तिने ती गोष्ट सांगणे बंद केले, आणि याचा दोष त्या जाणकारांपेक्षा माझ्याकडे अधिक जातो.

आपल्याकडे मी शेवटची आशा म्हणून आलो असे लिहिणे खोटे होईल. आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायला आणले होते आणि आपले घर वाटेवर होते, इतकेच. आपण कागद खिडकीजवळच्या पाटावर पसरले, भिंग घेतले आणि पहिले पान वाचायला घेतले. मोडीत आधी ओळ ओढतात आणि मग हात न उचलता खाली अक्षरे लिहीत जातात, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा तर प्रश्नच नाही, हे सारे आपण मला सांगत होता, आणि मी मान डोलावत घड्याळाकडे पाहत होतो. आत्या कोपऱ्यात, पदर सावरून, कोणाच्या वाटेत येऊ नये अशा बेताने बसली होती. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आपण भिंग खाली ठेवले, माझ्याकडे न बघता तिच्याकडे वळलात आणि विचारलेत, “घरात त्यांना काय म्हणायचे?”

गुरुजी, या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. तोपर्यंत जो भेटला त्याने मला विचारले, आणि पुरावा विचारला. आत्याला कोणी काही विचारलेच नव्हते. तिने आधी इकडेतिकडे पाहिले, मग म्हणाली, “आबा.” आपण म्हणालात, “बरं, आबांना गावात कोणत्या नावाने हाक मारायचे?” ती बराच वेळ गप्प राहिली. आजोबांचे पाळण्यातले नाव चार अक्षरी, देवाचे होते. गावाने ते दोन अक्षरांवर आणून शेवटी तोच ‘या’ जोडलेला होता, आणि घरात ते नाव उच्चारायला बंदी होती. मला ते पन्नाशीत प्रथमच ऐकू आले. इतक्या हळू आवाजात तिने ते सांगितले की आपल्याला दुसऱ्यांदा विचारावे लागले, आणि आपण तेही अशा रीतीने विचारलेत की ऐकू न येण्याचा दोष आपल्या कानांकडे जावा.

मग आपण पहिल्या पानाकडे परत गेलात. जे आधी गावाचे नाव म्हणून वाचून पुढे सरकला होता तेच ते नाव होते, पुढे बापाचे नाव, पुढे गाव, पुढे धंदा मोलमजुरी. मी असतो तर ‘नोंद सापडली’ म्हणून ओरडलो असतो. आपण कागद उचलून आत्याच्या मांडीवर ठेवला, तिचे बोट धरून त्या ओळीवर टेकवले आणि म्हणालात, “आत्याबाई, आबा सापडले.” तिला देवनागरीही वाचता येत नाही. तिने ते बोट तिथून किती तरी वेळ उचलले नाही.

कायद्याने आरोपी म्हणून लिहिलेल्या माणसाला आपण नंतरचा तासभर ‘आबा’ म्हणत होता. आबांच्या शेजारच्या गावचे हे आणखी तिघे, आबांबरोबर हे एक कातकरी दिसतात, असे आपण सांगत गेलात आणि त्या यादीतली माणसे एकेक करून आमच्या समोर ओटीवर येऊन बसू लागली. सभ्यता म्हणजे गोड बोलणे, असा माझा आजवर समज होता. आपण फारसे गोड बोलत नाही. माझ्या झेरॉक्स प्रती वाईट निघाल्या म्हणून मला चांगलेच सुनावलेत. तरीही ज्याच्या घरचा माणूस हरवला आहे त्याच्याकडे आधी वळावे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. मी पाकीट पुढे केले ते आपण परत केलेत, आणि आत्याच्या पिशवीतली तांदळाची एक भाकरी मात्र मागून घेतलीत, याची ती अजून सर्वांना फुशारकी सांगते.

आणखी एक खुलासा. आजोबांचे कागदावरचे नाव मी इथे मुद्दाम लिहिलेले नाही. दप्तरात ज्या रूपात आहे त्या रूपात ते छापू नये, असे आत्याचे म्हणणे आहे. मी तिला धाकू गवत्यांचे आणि आलू बेमट्यांचे उदाहरण दिले, तर ती म्हणाली, ते मोठे, त्यांना शोभते. याबाबतीत तिचे मन वळवता आले तर आपणच वळवू शकाल.

येत्या 25 सप्टेंबरला ती चिरनेरला येणार आहे. हुतात्मास्तंभाजवळ पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात तेव्हा ती दरवर्षी दोन्ही कान घट्ट झाकून घेते आणि पुटपुटत शिव्या देते, हे आपल्याला आधीच सांगून ठेवतो. आपल्याला न्यायला सकाळी साडेसातला गाडी येईल. कागद आणि भिंग बरोबर घ्यावे, असा तिचा निरोप आहे. त्या आणखी तिघांच्या घरची माणसे तिने शोधून काढली आहेत, आणि त्यांना घरात काय म्हणायचे ते विचारूनही ठेवले आहे.

आपला कृतज्ञ,
आबांचा नातू