सिस्टर, बाळाकडे बघायला तुम्ही शिकवलंत

प्रिय सिस्टर,

बाळ वर्षाचं झालं. वजन जन्माच्या वेळेपेक्षा तिप्पट भरलं आणि सगळ्यात आधी तुम्हाला कळवावंसं वाटलं. हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण मला मिळाला तो आधार प्रत्येक बाळंतिणीला मिळायला हवा.

दूध पुरतंय का? भेटायला येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. त्यात बाळाचं वजन उतरलं. तुम्ही शेजारी बसून सांगितलंत की पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच आणि बहुतेक बाळं दोन आठवड्यांत ते भरून काढतात. 10 टक्क्यांच्या आसपास उतरलं, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवायचं. मग बाळाला नीट धरायला शिकवलंत. तोंड मोठं उघडू द्यायचं, नुसतं बोंड नाही तर भोवतालचा काळसर भागही तोंडात जायला हवा, बाळाची हनुवटी आईच्या छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. माझं दुखणं तिथेच कमी झालं. बाळ गिळतंय तो आवाज ऐकायलाही तुम्हीच लावलंत.

घड्याळापेक्षा बाळाकडे बघा, असं तुम्ही म्हणायचात. ते तोंड उघडून शोधतंय, मुठी चोखतंय, म्हणजे भूक लागली. रडणं ही भुकेची उशिराची खूण. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजावं लागलं तरी त्यात वावगं काही नाही. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं, म्हणून रात्रीचं पाजणं सोडू नका, हेही तुमचंच. या खुणा हाताशी आल्यावर लोकांच्या प्रश्नांनी मी घाबरले नाही.

शेजारच्या खाटेवरच्या बाईला औषधांमुळे अंगावर पाजता येत नव्हतं. तिच्याशीही तुम्ही तितक्याच मायेने बोललात. पावडर डब्यावरच्या मापानेच घ्यायची, पाणी वाढवून पातळ करायचं नाही, बाटलीत उरलेलं टाकून द्यायचं. तिला कमी लेखणारा एक शब्दही तुमच्या तोंडून निघाला नाही. तुमच्याबद्दलचा आदर मला तेव्हा सगळ्यात जास्त वाटला.

सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू करताना पुन्हा तुमच्याकडेच आले. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा आता संपत येतो, म्हणून अंडं, डाळी, मांस यांना पहिल्यापासून जागा द्या, असं तुम्ही समजावलंत. अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट हवं. मीठ-साखर नको. वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. अख्खे दाणे घशात अडकतात, तेही नकोत. आणि बाळाने तोंड फिरवलं की थांबायचं, जबरदस्ती करायची नाही. तोच पदार्थ काही दिवसांनी पुन्हा द्यायचा. नकोसा झालेला पदार्थ पुढे आवडीने खाताना बघून मला फार समाधान वाटलं.

सिस्टर, मनापासून आभार. माझ्या बहिणीचे दिवस भरत आलेत. बाळंतपणाआधीच तुम्हाला एकदा भेटून ये, असं तिला सांगितलंय. प्रश्नांची वही घेऊन ती येईलच.

तुमची,
एका वर्षाच्या बाळाची आई