अँटेनाची उंची मोजायची कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साखळीच्या बाजारात मी तीस वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवले. आता दुकान बंद केले आहे, तरी कुणाचा जुना ट्रान्झिस्टर बिघडला की तो अजून माझ्याच ओसरीवर येतो. सत्तरीतल्या आमच्या गावात गेले वर्षभर सामुदायिक रेडिओचा, म्हणजे गावानेच चालवायच्या लहान एफएम केंद्राचा, विषय चालू आहे. वाचनालयाची संस्था नोंदणीकृत आहे, महिला मंडळ तयार आहे, आणि रणमाले, धालो, घुमट आरती हे आमचे लोकप्रकार म्हणणारी माणसे घराघरांत आहेत. कागद जमवायला बसलो आणि अडलो ते अँटेनापाशी. हा अडथळा आमच्या एका गावाचा नाही, म्हणून हे पत्र.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामुदायिक रेडिओ पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरासाठी असतो. त्याला १०० वॅटपर्यंतची शक्ती मिळते. हे शंभर वॅट ट्रान्समीटरचे नव्हेत, अँटेनातून प्रत्यक्ष फेकल्या जाणाऱ्या शक्तीचे. ट्रान्समीटर बहुधा ५० वॅटचा असतो. थोडी शक्ती केबलमध्ये जिरते, आणि अँटेना ती वर आकाशात न सांडता आडवी पसरवतो म्हणून हिशेब शंभरावर जातो. अँटेना जमिनीपासून किमान १५ मीटर वर हवा, म्हणजे खाली वावरणाऱ्यांना लहरींचा त्रास होणार नाही. ही अट योग्यच आहे. कमाल उंची मात्र ३० मीटर, आणि तीही जमिनीपासूनच मोजलेली. आमचे दुखणे या ‘जमिनीपासून’मध्ये आहे.

कोणती जमीन? सोलापूरकडच्या माळावर तीस मीटर म्हणजे तीस मीटर. गोव्यात तीस मीटरला काही अर्थ उरतो का, ते खांब कुठे उभा आहे यावर ठरते. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट माळावर, १५ मीटरचा खांब ठोकला तरी खालचे चार गाव त्याच्या नजरेत येतात. आमच्यासारखे गाव म्हादईच्या खोऱ्यात, तिन्ही बाजूंनी डोंगर, वर माड-पोफळींचे छत. चांगला वाढलेला माडच वीस मीटरच्या आसपास जातो. कुळागरात तीस मीटरचा खांब उभारला तर अँटेना शेंड्यांच्या जेमतेम वर डोके काढतो, आणि समोरची टेकडी तर त्याच्याही वर असते.

एफएमची लहर साधारण नजरेसारखी सरळ जाते. डोंगर आडवा आला की थोडीफार वाकते, पण पलीकडच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत तिच्यात दम उरत नाही. हे पुस्तकातून सांगत नाही. मागच्या पावसाळ्यात मी खिशातला रेडिओ १०५.४ वर, म्हणजे पणजी आकाशवाणीच्या एफएमवर लावला आणि सड्यावरून आमच्या वाड्यापर्यंत चालत उतरलो. वर आवाज खणखणीत. पायवाट वळते तिथे वडाखाली पहिली खरखर आली. तिथून पन्नास-साठ पावलांवर गाणे तुटायला लागले. ओहोळाच्या साकवावर पोहोचलो तेव्हा नुसता सूंऽऽ असा आवाज. हात उंच करून रेडिओ डोक्यावर धरला तर दोन शब्द ऐकू आले, हात खाली केला की गेले. पणजीचा ट्रान्समीटर आमच्या नियोजित रेडिओपेक्षा कितीतरी मोठा. त्याची ही गत असेल तर पन्नास वॅटच्या यंत्राचे काय होईल?

ऐंशीच्या दशकात टीव्हीचे अँटेना बसवत फिरताना हाच धडा मी शंभर वेळा गिरवला. खोलगट जागेतल्या घरात पडद्यावर मुंग्या यायच्या. लोक बूस्टर आणायचे, त्याने चित्राबरोबर मुंग्याही वाढायच्या. मग दहा फुटांचा पाइप काढून वीस फुटांचा लावला की बातम्या देणाऱ्याचा चेहरा ओळखू यायचा. सपाट जागी अँटेनाची उंची दुप्पट केल्याने जेवढे साधते, तेवढे साधायला वॅट चौपट करावे लागतात. धंद्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो हेच सांगेल.

आता नियमातली सवलत पाहा. भूप्रदेश अवघड असेल तर अर्जदाराला २५० वॅटपर्यंत शक्ती मागता येते. त्यासाठी गरज सिद्ध करायची आणि मंत्रालयाच्या समितीची मंजुरी घ्यायची. म्हणजे डोंगराची अडचण सरकारला ठाऊक आहे, ती मान्यही आहे, पण औषध वॅटचे दिले आहे. शंभराचे अडीचशे वॅट केले तर ऐकणाऱ्याच्या रेडिओपाशी सिग्नलची ताकद दीडपटीच्या जरा वर जाते, एवढेच. साकवावर जिथे काहीच येत नाही तिथे दीडपट करून काय येणार? उलट मोकळ्या दिशेला तोच सिग्नल विनाकारण लांब जाईल, शेजारच्या केंद्राशी भांडेल आणि वीजबिल वाढवील. आम्ही एका कार्यालयात चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, ‘उंचीचे काही होणार नाही, वॅट वाढवून मागा.’ उत्तर देणाऱ्या माणसाचा दोष नव्हता. त्याच्यासमोरच्या कागदात दुसरे काही नव्हतेच.

अमेरिकेत २००० साली कमी शक्तीच्या एफएम केंद्रांसाठी जे नियम झाले, त्यांतही आकडे हेच आहेत : १०० वॅट आणि ३० मीटर. पण तिथले तीस मीटर खांबाच्या बुडापासून मोजत नाहीत. केंद्राभोवती आठ दिशांना, तीन ते सोळा किलोमीटरच्या पट्ट्यातल्या जमिनीची सरासरी उंची काढतात आणि अँटेना तिच्या किती वर आहे ते पाहतात. टेकडीवरचा अँटेना सरासरीपेक्षा खूप वर गेला तर त्याचे वॅट कापतात. दरीतला अँटेना सरासरीच्या खालीच राहिला तर खांब तीस मीटरपेक्षा उंच केल्याबद्दल त्याचे वॅट कापले जात नाहीत. सड्यावरच्याला लगाम आणि खोऱ्यातल्याला हात, दोन्ही एकाच मोजमापात. आपल्या देशाचे उंचसखल नकाशे आज संगणकावर आहेत, हा हिशेब करायला एक दुपारही लागणार नाही.

तेव्हा माझी पहिली मागणी मोजमापाचीच आहे. अँटेनाची उंची भोवतालच्या भूप्रदेशाच्या सरासरीवरून धरा. म्हणजे आमच्यासारख्या गावाला चाळीस-पंचेचाळीस मीटरचा, तारांनी ताणलेला खांब मागता येईल.

यावर कुणी म्हणेल, मग डोंगरावरच जा की. नियमाप्रमाणे अँटेना ज्या समाजासाठी रेडिओ आहे त्याच्याच परिसरात हवा, हा एक भाग. पण नियमाने परवानगी दिली तरी मला ते नको आहे. आमच्याकडचे माथे रानाचे आहेत. एका खांबासाठी वर रस्ता न्यायचा, विजेची लाइन ओढायची, कुंपण घालायचे, म्हणजे किती झाडे जातील? मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा रात्री डोंगरावरची लाल रेघ आम्ही अंगणातून पाहिली आहे. त्या रानाला आणखी त्रास नको. त्यापेक्षा शाळेच्या आवारात पंधरा मीटर जास्तीचे लोखंड उभे राहू दे.

उंच खांबानेही सगळे वाडे ऐकतील असे नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. म्हणून दुसरी मागणी : टेकडीआडच्या वाड्यासाठी त्याच परवान्यावर एखादा अगदी लहान, पाच-दहा वॅटचा सहायक ट्रान्समीटर बसवू द्यावा.

विमानांचा मुद्दा वेगळा आहे आणि त्यात सूट मागणे चूक ठरेल. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, जानेवारी २०२३ पासून मोपाही सुरू झाला. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या मार्गदर्शनाचा पट्टा लागतो, त्यामुळे ट्रान्समीटर स्वच्छ हवा, म्हणजे आपल्या पट्ट्याबाहेर लहरी सांडणारा नको. खांबाच्या टोकालाही विमानतळाच्या नकाशाप्रमाणे मर्यादा हवी. ती मर्यादा समुद्रसपाटीपासून मोजतात, कारण विमानाला खांबाचे टोक आकाशात कुठे आहे एवढेच कळायला हवे असते. तिथे अडचणीचा विचार करून मापाची सुरुवात ठरवली आहे. ऐकणाऱ्याच्या बाबतीतही तसाच विचार व्हावा.

गावातलाही एक अडथळा सांगतो. ग्रामसभेत ‘टॉवर’ शब्द निघाला आणि अर्धे लोक उठून उभे राहिले. मोबाइल टॉवरवरून गोव्यात गावोगावी जे वाद झाले आहेत, ते पाहता भीती समजते. मी पुढच्या सभेला एक ॲल्युमिनियमची नळी नेली, १ मीटर ६० सेंटिमीटरची, मधोमध कापलेली. ‘नव्वद मेगाहर्ट्झचा मूळ अँटेना तो एवढाच, बाकी खांब त्याला वर धरायला,’ असे सांगून ती रांगेतून फिरवली. एका म्हाताऱ्या बाईने ती हातात तोलून पाहिली आणि विचारले, ‘ह्यातून आमचे धालो ऐकू येतील?’ त्या दिवशी विरोध पुष्कळ निवळला. पंचायतींनी असे समजावण्याचे काम स्वतः केले तर बरे होईल.

हवा कशाला हा रेडिओ, असेही विचारतात, सगळ्यांकडे मोबाइल आहे. २३ जुलै २०२१ चा पूर सत्तरी, डिचोलीतले लोक विसरलेले नाहीत. म्हादईकाठची घरे कोसळत होती आणि आमच्या वाड्यावर वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. पाणी कुठवर चढले, कोणता रस्ता बंद आहे, हे माणूस धावत येऊन सांगेल तेव्हा कळत होते. गाडीच्या बॅटरीवर चालणारा ५० वॅटचा ट्रान्समीटर आणि घरात दोन सेलचा रेडिओ असता तर त्या रात्री म्हाताऱ्याकोताऱ्यांना वेळेत शाळेत हलवता आले असते. आणि लहानशा रेडिओची किंमत गोव्याला कुणी सांगायला नको. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत घाटातल्या रानात राहून ‘स्वातंत्र्याचा आवाज’ हे गुप्त रेडिओ केंद्र चालवले. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने टाळ्या वाजवल्या.

गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक खासदार आहेत. तिघांनी मिळून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे हा उंचीचा विषय लावून धरावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मंत्रालयाने पाहणीला कुणाला पाठवले तर कृपया जुलैत पाठवा, पाने ओली असताना, तेव्हाच लहर जास्त अडते. सड्यापासून साकवापर्यंत रेडिओ हातात घेऊन मी त्यांच्याबरोबर उतरेन. वाट निसरडी असते, काठी मी आणीन.

आपला,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक,
सत्तरी, गोवा